सक्तीचं ट्रेनिंग झालं, पण कामात काय बदललं? (अनुभव धागा : खान्देश)

धागाकर्ती, जळगाव एमआयडीसी

जळगावच्या एमआयडीसीत पीव्हीसी पाइपच्या एका कारखान्यात प्रशिक्षणाचं काम माझ्याकडे आहे. वर्षाच्या सुरुवातीला कॅलेंडर ठरतं, कोणाला किती तास बसवायचं ते लिहिलं जातं, हजेरीपत्रकावर सह्या होतात, फोटो निघतात. आयएसओ ९००१ या गुणवत्ता मानकाच्या ऑडिटला ही फाइल पुढे ठेवायची असते. त्या मानकाच्या ७.२ कलमात माणसाला कामापुरतं सक्षम करण्यासाठी जे केलं त्याचा परिणाम झाला का, हेही तपासायला सांगितलं आहे. आमच्या तक्त्यात त्यासाठी शेवटचा रकाना आहे. त्यात वर्षानुवर्षं एकच शब्द भरला जातो : समाधानकारक.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन प्राध्यापकाने १९५९ मध्ये प्रशिक्षण जोखायच्या चार पायऱ्या सांगितल्या. लोकांना ते आवडलं का, ते काही शिकले का, कामावर परतल्यावर तसं वागले का, आणि त्यातून संस्थेच्या पदरात काही पडलं का. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पहिल्या पायरीवरच तपासणी संपते. वक्ते कसे बोलले, एवढंच विचारून फॉर्म गोळा होतात.

आमच्याकडचा एक अनुभव सांगते. पाण्याच्या पीव्हीसी पाइपला आयएस ४९८५ हे मानक लागतं. त्यात पाइपच्या भिंतीची कमीत कमी जाडी दिलेली असते. पाइप नापास होऊ नये म्हणून ऑपरेटर जाडी थोडी जास्तच ठेवतात आणि मीटरमागे माल फुकट जातो. यावर आम्ही सगळ्यांना प्रशिक्षण दिलं, परीक्षा घेतली, सगळ्यांना छान गुण पडले. मीटरभर पाइपचं वजन मात्र होतं तिथेच राहिलं. मग मी शॉपफ्लोअरवर जाऊन उभी राहिले. जाडी मोजायचा मायक्रोमीटर क्वालिटीच्या कपाटात, कपाटाची किल्ली जनरल शिफ्टच्या माणसाकडे, आणि रात्रपाळीच्या ऑपरेटरला मोजायचं म्हटलं तरी हातात काही नाही. मशीनशेजारी वजनकाटा ठेवला, पाळी सुरू होताना तुकडा कापून वजन करायचं आणि फळ्यावर लिहायचं, असं ठरलं. त्यानंतर वजन उतरलं. आता याचं श्रेय प्रशिक्षणाला द्यायचं की वजनकाट्याला, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

म्हणून हा धागा. तुमच्याकडे कोणतं प्रशिक्षण सक्तीचं होतं, आधी काय मोजलेलं होतं, नंतर फरक पडला हे कशावरून कळलं, ते लिहा. मालक, मजूर, सरकारी, खासगी, सगळ्यांचं हवं. संस्थेचं नाव नको.


केळी पॅकहाउस, रावेर तालुका

ताई, आमचं पॅकहाउस आखाती देशांत माल पाठवणाऱ्या निर्यातदारासाठी काम करतं. तेरा किलोचा बॉक्स. खरेदीदाराच्या अटीमुळे मजुरांचं प्रशिक्षण घ्यावंच लागतं, नाहीतर माल उचलत नाहीत.

पहिल्या वेळी शहरातून एक सर आले. पडद्यावर चित्रं दाखवली, बायांनी ऐकून घेतलं, जेवण झालं. दुसऱ्या दिवशी टबाजवळ पाहिलं तर फण्या तशाच आदळताहेत. मुकादमाला बोललो तर तो म्हणे, "आम्ही काय आज केळी कापून ऱ्हायलो का?" आणि त्याचंही खरं होतं. तीस वर्षं तो बागेत घड उतरवतो आहे. हिरव्या केळीवर त्याला काहीच दिसत नाही, कारण हिरव्यावर मार दिसतच नाही. दांडा घासला, फणीवर फणी पडली, नख लागलं, तरी त्या दिवशी केळी चांगलीच असतात. माल तिकडे पोचून पिकला की मग काळे पट्टे उमटतात आणि कापलेल्या पैशांचा ईमेल ऑफिसात येतो. टोळीपर्यंत तो कधीच पोचत नाही.

पुढच्या हंगामात दुसऱ्या बाई आल्या. त्यांनी हॉल मागितलाच नाही. रोजच्या कामातून काही फण्या बाजूला काढल्या, कोणी कशा हाताळल्या त्याच्या चिठ्ठ्या बांधल्या आणि रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे केळी पिकवायच्या खोलीत, ठेवायला सांगितल्या. पिकल्यावर त्याच टेबलावर आणून मांडल्या. एका बाईने स्वतःची चिठ्ठी असलेली फणी हातात घेतली आणि बोटांच्या खुणा जिथे होत्या तिथेच काळं पडलेलं पाहिलं. पुढे कोणाला काही समजवावं लागलं नाही. फणी दांड्यापासून कशी सोडवायची, काप सरळ कसा हवा, चीक पूर्ण निघेपर्यंत पाण्यात किती वेळ ठेवायची, पाणी कधी बदलायचं, हे त्यांनी टबाजवळ उभं राहून करवून घेतलं.

तरी एक अडचण उरलीच होती. मजुरी बॉक्समागे मिळते. सावकाश हाताळायचं तर बॉक्स कमी होतात आणि घरी पैसे कमी जातात. मालकांशी भांडून मी एवढं करून घेतलं की मार लागलेला माल कमी निघाला तर टोळीला वर काही मिळेल. तेव्हापासून रिजेक्शन खरंच घसरलं आणि अजून टिकून आहे. तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हे : दोन प्रशिक्षणं झाली, दोन्ही सक्तीचीच होती, पण फरक पडला तो दुसऱ्याने, आणि तोही मजुरीचा हिशेब बदलल्यावर.


बँक अधिकारी, धुळे

आमच्याकडे ऑनलाइन धडे सक्तीचे आहेत. केवायसी, मनी लाँडरिंग, सायबर सुरक्षा, ग्राहकसेवा. पूर्ण केले नाहीत तर वार्षिक मूल्यमापनात गुण जातात. शाखेत माणसं कमी, काउंटरसमोर पेन्शनरांची रांग, मार्चअखेर तोंडावर. अशा वेळी धडा मागे चालू ठेवून पुढे काम करणारे मी रोज पाहतो. मी त्यांना दोष देत नाही. शांतपणे बसून वाचायला तास दिलेलाच नाही, आणि पूर्ण झाल्याची टक्केवारी मात्र दर आठवड्याला वर जाते.

याच बँकेतलं दुसरं एक प्रशिक्षण मी कधी विसरणार नाही. बनावट नोटा ओळखण्याचं. खरी आणि खोटी नोट शेजारी ठेवून बोटांनी उठावाची छपाई चाचपायला लावली, नोट तिरपी करून सुरक्षा धाग्याचा रंग बदलताना पाहायला लावला. मग नियम : एका व्यवहारात चारपर्यंत बनावट नोटा निघाल्या तर महिन्याच्या एकत्रित अहवालात पोलिसांना कळवायचं, पाच किंवा जास्त निघाल्या तर लगेच एफआयआर. नोट जप्त करून ग्राहकाला पावती द्यायची, परत त्याच्या हातात द्यायची नाही. आमच्या कॅशियर ताई नवीन होत्या. नंतर एका कापूस व्यापाऱ्याच्या भरण्यात त्यांनी न घाबरता नोट बाजूला काढली, त्याला बसवून पावती समजावली, काउंटरवर आवाज चढला नाही. पूर्वी याच प्रसंगाला अर्धा तास गोंधळ व्हायचा. हे माझ्या दृष्टीने मोजण्यासारखं आहे.


स्टेशन मास्तर, भुसावळ विभाग

तुम्ही उत्पादकता विचारताय, तिथे रेल्वेचं थोडं वेगळं आहे. भुसावळला मध्य रेल्वेची क्षेत्रीय प्रशिक्षण संस्था आहे, आम्ही झेडआरटीआय म्हणतो. स्टेशन मास्तरला ठराविक मुदतीने रिफ्रेशरला, म्हणजे उजळणीच्या वर्गाला, जावंच लागतं. मुदत टळली तर गाड्या चालवायच्या ड्यूटीवर बसता येत नाही. म्हणजे इथली सक्ती खरी आहे, कागदावरची नाही.

रोजच्या ड्यूटीत रिफ्रेशरचा उपयोग दिसणार नाही. पॅनलवर रूट लावला, सिग्नल ऑफ झाला, म्हणजे गाडीला मोकळा मिळाला, गाडी गेली. हे हाताला बसलेलं असतं. पण पावसाळ्यात रात्री सिग्नल फेल होतो, मागे गाड्या उभ्या, कंट्रोलचा फोन थांबत नाही. तेव्हा पॉइंट बरोबर लागलेत, लाइन मोकळी आहे, याची खात्री करून लोको पायलटला बिघडलेला सिग्नल ओलांडून जाण्यासाठी टी/३६९ (३बी) या फॉर्मवर लेखी प्राधिकार द्यायचा असतो. हा फॉर्म वर्षातून किती वेळा भरावा लागतो? लहान स्टेशनवर अगदी क्वचित. जे क्वचित करायचं तेच माणूस विसरतो, आणि चूक तिथेच महागात पडते. मॉडेल रूममध्ये छोट्या रुळांवर गाड्या फिरवून बिघाडाचे प्रसंग करून घेतात, ते मला प्रत्येक वेळी उपयोगी पडलं आहे. इतर स्टेशनांवरचे लोक आपापले प्रसंग सांगतात, तेवढंच मोलाचं.

अपघात झाला नाही, याची नोंद कोणत्याही तक्त्यात होत नाही. म्हणून अशा प्रशिक्षणाला "आउटपुट किती वाढलं" या प्रश्नाने तपासू नये, एवढं मला ठामपणे म्हणायचं आहे. माझी तक्रार एकच. रिफ्रेशरला जायचं तर मागे बदली माणूस हवा. तो नसला की उरलेल्या दोघांवर बारा-बारा तास येतात, आणि प्रशिक्षणाने जी दक्षता कमावली ती थकव्यात जाते.


ट्रक मालक, धुळे

धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग मिळतात, त्यामुळे इथे ट्रान्सपोर्टवाले भरपूर. ज्या कंपन्यांचा माल आम्ही उचलतो त्यांनी चालकांचं प्रशिक्षण सक्तीचं केलं आहे. गिअर कधी बदलायचा, उतारावर इंजिन ब्रेक कसा वापरायचा, उभ्या गाडीचं इंजिन बंद ठेवायचं, टायरची हवा. चांगलं शिकवतात.

मी डिझेलचा हिशेब वहीत ठेवतो. ज्या चालकांचा अॅव्हरेज सगळ्यात खाली होता त्यांना मी पहिल्या बॅचला पाठवलं. पुढच्या महिन्यात बहुतेकांचा आकडा सुधारला. मी खूश झालो. माझा मुलगा हिशेब बघतो, त्याने वही उघडून दाखवलं. त्या खालच्या चालकांपैकी काही जण त्या महिन्यात इंदूरच्या फेऱ्या करत होते, वाटेत बिजासनी घाट. पुढच्या महिन्यात त्यांना सुरतचा सपाट रस्ता मिळाला. एकाच्या गाडीचे टायर जुने होते, ते मध्येच बदलले होते. आणि ज्यांना पाठवलंच नव्हतं त्या चालकांतही खालचे काही जण आपोआप वर आले होते. एखादा महिना वाईट जातो, पुढचा बरा जातो.

मग आम्ही तोच चालक, तीच गाडी, तोच रस्ता, भरलेली खेप, असं धरून पुन्हा पाहिलं. फरक होता, पण आधी वाटला त्यापेक्षा बराच लहान. तरी डिझेलच्या भावात तो प्रशिक्षणाचा खर्च भरून काढतो, म्हणून मी पाठवत राहणार. ज्यांच्याकडे आकडा आहे त्यांनी तो एवढा तरी तपासून पाहावा.


प्राध्यापक (संख्याशास्त्र), जळगाव

धुळ्याच्या मालकांनी आणि त्यांच्या मुलाने जे केलं ते अनेक मोठ्या कंपन्या करत नाहीत. सगळ्यात खालच्यांना निवडायचं आणि मग त्यांचीच सुधारणा मोजायची, यात प्रशिक्षण नसतं तरी सुधारणा दिसते. धागाकर्त्या ताईंना एक सोपी सूचना : सगळ्यांना एकदम बसवू नका. एका पाळीला आधी द्या, दुसऱ्या पाळीला महिन्याभराने द्या. दोन्हींचा आकडा आधीपासून रोज लिहा. पहिली पाळी पुढे सरकली आणि दुसरी तिथेच राहिली, मग तिची वेळ आल्यावर तीही सरकली, तर तुम्हाला उत्तर मिळालं. नाहीतरी सगळ्यांना एका दिवशी उठवून मशीन बंद ठेवणं कोणालाच परवडत नाही, त्यामुळे हे करायला वेगळा खर्च नाही.


आशा गटप्रवर्तक, धडगाव तालुका

तुलना करायची म्हणता, तर आमच्या कामाचं मूळच अशा तुलनेत आहे. नवजात बाळाची घरी जाऊन काळजी हे काम गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने गावातल्या बायकांना शिकवून सुरू केलं. ३९ गावांत काम केलं आणि ४७ गावं तुलनेला ठेवली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेतल्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी कमी झालेला दिसला. १९९९ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. प्रशिक्षणाने काय होतं याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही. २०११ पासून हेच काम देशभरच्या आशांकडे आलं.

आमच्याकडे पाडे डोंगरात विखुरलेले. दवाखान्यात बाळंतपण झालं तर सहा भेटी, घरी झालं तर पहिल्या दिवसाची धरून सात, शेवटची ४२ व्या दिवशी. प्रशिक्षण मराठीत होतं. आमच्या बऱ्याच आशा घरी पावरी बोलतात. वर्गात सगळ्या माना हलवतात, मला माहीत असतं की निम्मं पोचलेलं नाही. म्हणून मी भेटीला सोबत जाते आणि तिथे त्यांच्या बोलीत पुन्हा सांगते.

एकच गोष्ट सांगते, श्वास मोजण्याची. बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त वेळा श्वास घेत असेल तर धोका. वर्गात बाहुलीवर हे सोपं वाटतं. घरात बाळ रडत असतं, दूध पीत असतं, चुलीचा धूर असतो, आजी म्हणते झोपू दे. एक नवीन आशा अर्धा मिनिट मोजून दुप्पट करत होती. लहान बाळाचा श्वास एकसारखा नसतो, कधी भराभर, कधी थांबून. मी तिला बाळ शांत होईपर्यंत बसायला लावलं, अंगावरचं फडकं बाजूला केलं, पोट वरखाली होताना दिसलं, आणि पूर्ण मिनिट घड्याळ धरलं. जास्त आला तर पुन्हा एकदा पूर्ण मिनिट. पुढच्या महिन्यात तिने स्वतः एक बाळ ओळखलं, गाडी बोलावली, बाळ दवाखान्यात वेळेत पोचलं. ते पोर आता अंगणवाडीत जातं.

सक्तीबद्दलही बोलते, कारण वर बरेच जण सक्तीला वाईट धरून बोलतात. प्रशिक्षण सक्तीचं आहे असं पत्र नसतं तर आमच्या कितीतरी बायकांना घरच्यांनी मुक्कामी पाठवलंच नसतं. ते पत्र सासऱ्यांना वाचून दाखवून मी त्यांना घेऊन आले आहे.


जिल्हा परिषद शिक्षिका, अमळनेर तालुका

गटप्रवर्तक ताईंचं बोलीबद्दलचं अगदी पटलं. नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात, २०२० च्या, शिक्षकाने वर्षाला ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं आहे. त्याआधी २०१९ मध्ये निष्ठा हे शिक्षकांचं सरकारी प्रशिक्षण आलं, कोरोनात ते दीक्षा या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन झालं. शिवाय १२ आणि २४ वर्षांच्या सेवेनंतरच्या वेतनश्रेणीसाठीचं वेगळं. म्हणजे तास भरपूर आहेत.

मला खटकतं ते असं : राज्यस्तरावर काही जण शिकतात, ते जिल्ह्याला शिकवतात, जिल्हा तालुक्याला, तालुका केंद्राला. वरच्या वर्गात कृती करून घेतलेली असते. खाली येईपर्यंत कृती गळते आणि पुस्तिकेचं वाचन उरतं. आमची शाळा द्विशिक्षकी आहे. मी प्रशिक्षणाला गेले की सर एकटे चार वर्ग सांभाळतात. त्या दिवशी मुलांचं जे बुडतं ते भरून निघण्याइतकं मी तिथून आणावं, ही माझी साधी अपेक्षा आहे.

उपयोगी पडलेलं सांगते. केंद्राच्या शिक्षण परिषदेत शेजारच्या गावच्या एका बाईंनी पहिलीचा पाठ घेऊन दाखवला. मूल "माले भूक लागनी" म्हणालं तर त्याला थांबवून दुरुस्त करायचं नाही, तेच वाक्य फळ्यावर लिहायचं, शेजारी "मला भूक लागली" लिहायचं, आणि दोन्ही सगळ्यांकडून म्हणून घ्यायचं. मी दुसऱ्याच दिवशी केलं. वर्गात कधी न बोलणारी एक मुलगी त्या आठवड्यात गोष्ट सांगायला उठली. सप्टेंबरपर्यंत वाचनात मागे असलेल्या मुलांची माझी यादी दरवर्षीपेक्षा लहान होती. पाठ घेणाऱ्या बाईंच्या समोर माझ्यासारखाच वर्ग असतो, अहिराणी बोलणारी तीच मुलं, म्हणून ते उचलता आलं.


वीज ठेकेदाराकडचा कामगार, चोपडा

आम्हाला वर्षातून एकदा सुरक्षेचं शिकवतात. परमिट घेतल्याशिवाय खांबावर चढायचं नाही, लाइन बंद असली तरी आधी तपासायची, दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड लावून अर्थिंग करायचं, म्हणजे तारेतला करंट जमिनीत उतरवायचा, हातमोजे, हेल्मेट, एकट्याने जायचं नाही. सगळं बरोबर आहे. कोणाच्या तरी घरातून इन्व्हर्टर नाहीतर जनरेटरचा करंट उलटा येतो, त्याने माणसं गेली आहेत, म्हणून रॉड लागतोच.

पण रॉड दोन टोळ्यांत एक आहे. हातमोजे फाटलेले. वादळात रात्री फोन येतो तेव्हा जोडीदार दुसऱ्या गावाला गेलेला असतो. आम्ही मागणी लेखी केली आहे, सामान आलेलं नाही. उद्या काही झालं तर ठेकेदार आमच्या सह्या असलेलं हजेरीपत्रक काढेल आणि म्हणेल, याला शिकवलं होतं. मला याची चीड येते. त्या कागदावर सही करताना माझा हात थांबतो, पण सही केली नाही तर काम नाही.


जिनिंग मालक, धरणगाव

वरच्या भावाने लिहिलं ते आम्हा मालकांनी वाचायला पाहिजे.

माझ्या जिनवर हंगामापुरते मजूर येतात, दिवाळीच्या आसपास सुरू, उन्हाळ्यात परत. दर वर्षी टोळी नवी. कापसातून केस, सुतळी, प्लास्टिकच्या गोणीचे धागे, गुटख्याच्या पुड्या वेचायचं सगळ्यांना शिकवतो, कारण गाठीत रंगीत धागा निघाला की सूतगिरणी भाव पाडते. हे शिक्षण दर हंगामाला पहिल्यापासून द्यावं लागतं. ते धरून मी बसलेलो नाही. रोज सकाळी वेचलेला कचरा टोपलीत काढून सगळ्यांसमोर ओततो, तेवढं पुरतं.

पैसा वसूल झाला तो फिटरच्या प्रशिक्षणात. डबल रोलर जिनमध्ये रोलर आणि नाइफचं सेटिंग बिघडलं की सरकीला रुई चिकटून राहते किंवा सरकी फुटते. रोलरच्या खाचा वेळेवर पाडल्या नाहीत तर मशीन चालतं पण ओढत नाही. माझा फिटर अनुभवी, तरी अंदाजाने करायचा. प्रशिक्षणाहून आल्यावर तो मापाने करायला लागला. १७० किलोच्या गाठी पाळीला किती बांधल्या हे आमच्याकडे पूर्वीपासून लिहिलेलं असतं, त्यामुळे वाद उरला नाही. त्याच मशीनवर, त्याच भागातल्या कापसावर गाठी वाढल्या. आता तो पगार वाढवून मागतो. मी दिला. शिकवून पगार तोच ठेवला तर तो शेजारच्या जिनवर जाईल.

आणि आगीचं. कापूस पेटला की वरून विझलेला दिसतो, आत धुमसत राहतो. आगीची तालीम मी मोजमापात धरतच नाही, ती करायचीच.


कापड कारखाना, शिरपूर

स्टेशन मास्तरांसारखंच माझं म्हणणं. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, त्याच्या कलम १९ प्रमाणे मालकाने ठराविक काळाने जागृतीची शिबिरं घ्यायची असतात. आमच्याकडे एका वरिष्ठांनी विचारलं, याने उत्पादन किती वाढतं? मला तो प्रश्नच अपमानकारक वाटला. शिबिर उत्पादनासाठी नाहीच.

तरीही एक सांगते. एका शिबिरानंतर विणाईतल्या दोघींना कळलं की तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते आणि तक्रार ऐकणारी समिती कुठे बसते. त्यांनी दिली. त्या खात्यात बायकांच्या गैरहजेऱ्या किती होत्या हे त्यानंतर पहिल्यांदा कोणीतरी तपासलं. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणच्या बहिणींनी लक्षात ठेवा, तुमच्यासाठी जिल्ह्याला स्थानिक समिती असते.


खानावळ चालक, नंदुरबार

अन्न हाताळणाऱ्या दर २५ माणसांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक हवा, म्हणून फॉस्टॅक या अन्नसुरक्षेच्या प्रशिक्षणाला मी स्वतः गेलो. शिजलेलं अन्न बाहेर किती वेळ ठेवायचं आणि कच्चं-शिजलेलं वेगळं का ठेवायचं, हे नीट कळलं. उन्हाळ्यात वरण-भाजी खराब होऊन फेकायचो, ते बरंच थांबलं.


चटई कारखान्यातला कामगार, जळगाव

आमच्याकडे ट्रेनिंग रविवारी ठेवतात, सुट्टीच्या दिवशी, पगार नाही. मशीन बंद पडायला नको म्हणून. मी सहा दिवस लूमवर उभा असतो. सातव्या दिवशी कोणी कितीही चांगलं सांगितलं तरी डोकं घेत नाही. कामाच्या वेळेत अर्धा तास द्या, मशीनजवळ दाखवा, आम्ही शिकायला तयार आहोत. कोणता धागा का तुटतो हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही, आणि दिवसभर माझा वेळ त्यातच जातो.


धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. प्राध्यापक सरांची सूचना मी व्यवस्थापकांपुढे ठेवली. नव्या डायवरचं (पाइपला आकार देणाऱ्या साच्यावरचं) प्रशिक्षण आधी 'अ' पाळीला, मग 'ब' पाळीला द्यायचं ठरलं आहे, दोन्ही कामाच्या वेळेत. मीटरभर पाइपचं वजन आणि सुरुवातीचा स्क्रॅप आतापासूनच फळ्यावर लिहायला लावला आहे. तक्त्यात आणखी एक रकाना घातला : शिकवलेलं करायला लागणारं साधन मशीनजवळ आहे का, हो की नाही. तो ऑपरेटरने भरायचा. चोपड्याच्या दादांचं वाचून तो पहिला ठेवला, प्रशिक्षणाच्या तारखेच्याही आधी.

जिनिंगच्या दादा, फिटरला कुठे पाठवलं होतं आणि सेटिंग तपासायचा तक्ता मिळेल का? आमच्या देखभाल खात्याला तसाच करायचा आहे. आणि दालमिलवाल्यांपैकी अजून कोणीच लिहिलेलं नाही. जळगावात इतक्या मिल आहेत, धुळीचं आणि मशीनच्या पट्ट्यांचं काय शिकवतात ते कोणीतरी सांगा.